घेणाऱ्याच्या बाजूचे शास्त्र

परदेशातील विद्यापीठात प्रवेश मागताना ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ नावाचे एक निवेदन लिहावे लागते. वाङ्मयप्रकार म्हणून त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पण त्याला स्वतःचे संकेत आहेत, ठरलेली सुरुवात आहे आणि ठरलेला शेवटही आहे. ‘आंतरराष्ट्रीय विकास’ किंवा ‘विकास आणि राजनय’ अशा नावांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आपल्याकडच्या मुलामुलींनी लिहिलेली अशी काही निवेदने ‘जरा भाषा तपासून द्या’ म्हणून आमच्यापुढे आली. त्यांतील बहुतेकांची सुरुवात मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या गावात होते. डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई दिसते. लिहिणारा तिला गाडीतून, शिबिरातून किंवा मामाच्या गावी सुटीत पाहतो. दुसऱ्या परिच्छेदात त्याला ‘जाणीव’ होते, तिसऱ्यात त्या जाणिवेला आकडेवारीची जोड मिळते, आणि शेवटी हा प्रश्न सोडवण्याची साधने अमुक विद्यापीठाच्या तमुक अभ्यासक्रमातच सापडतील अशी खात्री व्यक्त होते. हंडा घेतलेली बाई पहिल्या परिच्छेदानंतर पुन्हा भेटत नाही. ती काही बोललेलीही नसते.

यात त्या मुलांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. मागणाराला ज्या भाषेत मागितले असता मिळते, त्या भाषेत तो मागतो. शिवाय या पदव्यांसाठी आपल्याकडची मध्यमवर्गीय कुटुंबे घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढतात, तेव्हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा राहत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या देशाने अर्धे शतक परदेशी मदत घेतली, त्या देशातला विद्यार्थी मदतीचे शास्त्र शिकायला जातो, तेव्हा तो कोणाच्या बाजूने बसून ते शिकतो? देणाऱ्याच्या, की घेणाऱ्याच्या?

आधी शब्दांपासून आरंभ करू. ‘विकास’ हा संस्कृत शब्द उमलण्याचा आहे. कळी विकसते, तिला कोणी विकसवीत नाही. मराठीत मूळ क्रियापद ‘विकसणे’ हे अकर्मक आहे. ‘विकास करणे’ हा प्रयोग नंतरचा, आणि त्यात कर्ता एक आणि ज्याचा विकास व्हायचा तो दुसरा, अशी फाळणी अगोदरच झालेली आहे. ‘मुत्सद्दी’ची कथा याहून गमतीची. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ कारकून, हिशेबनीस. दरबारी कागदपत्रांत मुरलेला माणूस पुढे राज्यकारणात मुरला आणि मराठीत तो कारस्थानकुशल, धोरणी पुरुष होऊन बसला. ‘राजनय’ हा अलीकडचा, पाठ्यपुस्तकी शब्द; त्यात मुत्सद्द्याच्या दौतीचा वास उरलेला नाही. तेव्हा ‘विकास आणि मुत्सद्देगिरी’ या जोडनावात एका बाजूला उमलणे आहे आणि दुसऱ्या बाजूला हिशेब. मुत्सद्दी आपल्या राज्याच्या हितासाठी बोलतो आणि तसे उघड कबूल करतो. विकासवाला दुसऱ्याच्या हितासाठी बोलतो असे म्हणतो. या दोघांना एका पदवीत बसवले की कोणाचे कोणाला वळण लागते, हे पाहण्यासारखे आहे.

या विद्याशाखांच्या जन्मतारखा पुष्कळ सांगून जातात. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन स्थापन झाले ते १९१९ साली, पहिले महायुद्ध संपताच. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातील परराष्ट्रसेवेचे विद्यालय त्याच वर्षीचे. फ्लेचर विद्यालय १९३३ चे, जॉन्स हॉपकिन्सशी पुढे जोडले गेलेले वॉशिंग्टनचे विद्यालय १९४३ चे, कोलंबियाचे १९४६ चे. म्हणजे राजनयाची विद्यालये महायुद्धांच्या आगेमागे निघाली. विकासाची विद्यालये निघाली ती साम्राज्ये आवरती घेताना. इंडोनेशियाचे स्वातंत्र्य डचांनी १९४९ च्या अखेरीस मान्य केले, आणि १९५२ साली हेगमध्ये समाजशास्त्रीय अभ्यासाची संस्था उभी राहिली. ससेक्समधील विकास-अभ्यास संस्था १९६६ ची. तोवर ब्रिटनच्या आफ्रिकी वसाहती बहुतेक स्वतंत्र झाल्या होत्या. या संस्थांत पुढे साम्राज्याचे कठोर टीकाकारही घडले हे खरे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण अभ्यासाची बैठक घालून दिली गेली ती, आता ‘त्यांच्यासाठी’ काय करावे, या प्रश्नाने.

विकासाच्या इतिहासाचा पहिला तास बहुधा २० जानेवारी १९४९ या तारखेने उघडतो. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी आपल्या भाषणाच्या चौथ्या मुद्द्यात अविकसित प्रदेशांना तांत्रिक ज्ञान देण्याची घोषणा केली. तारीख महत्त्वाची आहे यात शंका नाही. तथापि तिच्या साडेचार वर्षे आधी, जुलै १९४४ मध्ये, ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाने एक दुरुस्ती मांडली होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या उद्दिष्टांतच आर्थिकदृष्ट्या अविकसित देशांच्या साधनसंपत्तीच्या पुरेपूर वापराचा उल्लेख असावा, असा तिचा आशय होता. मागणी त्या स्वरूपात मान्य झाली नाही. महायुद्धात ब्रिटनकडे साठलेल्या हिंदुस्थानच्या स्टर्लिंग शिलकीचा प्रश्नही तेथे मांडला गेला आणि बाजूला ठेवला गेला. त्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि कालिदासाच्या मेघदूताचे मराठी अनुवादक.

आम्हांला हा योगायोग केवळ शोभेचा वाटत नाही. देश अजून पारतंत्र्यात, शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज अर्थसदस्य, आणि तरी त्या मेजावर बसून ‘अविकसित’ हा शब्द आपल्या बाजूने, मागणी म्हणून, वापरण्याचा प्रयत्न झाला. ट्रूमन यांच्या भाषणात तोच शब्द दान म्हणून आला. मागणीचे दान होण्यात शब्द बदलला नाही, फक्त बोलणारा बदलला. ज्या इतिहासाचा आरंभ १९४९ पासून होतो, त्यात घेणारा पहिल्या पानावर गप्प असतो.

आता घेण्याची खरी गोष्ट. अमेरिकेने १९५४ साली ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा केला. शिल्लक धान्य मित्रदेशांना त्यांच्याच चलनात विकावयाचे, अशी त्यातली मुख्य सोय होती. भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. पुढची दहा वर्षे आपल्या शहरांतील रेशनची दुकाने पुष्कळ अंशी या गव्हावर चालली. जून १९६५ मध्ये त्या वेळच्या कराराची मुदत संपली, तेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा नवा करार करण्याऐवजी थोडे थोडे धान्य मोकळे करण्याचे धोरण धरले. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. पंतप्रधान शास्त्रीजींनी लोकांना सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्विल फ्रीमन यांच्यात एक समझोता झाला. भारताने शेतीत किती गुंतवणूक करावी, खताबियाण्यांचे धोरण काय ठेवावे, हे त्यात होते. त्याची तेव्हा जाहीर वाच्यता झाली नाही. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. जुलैमध्ये इंदिरा गांधींनी उत्तर व्हिएतनामवरचा बॉम्बवर्षाव थांबवावा असे जाहीरपणे म्हटले आणि वॉशिंग्टनमध्ये नाराजी उमटली. त्या एका वर्षात देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले.

हा प्रसंग एखाद्या अभ्यासक्रमात ‘अन्नमदत आणि धोरणसुधारणा’ या मथळ्याखाली शिकवता येईल, किंवा ‘महासत्तेची दंडेली’ म्हणूनही सांगता येईल. दोन्ही अपुरे आहेत. सुब्रमण्यम यांना शेतीत जे बदल हवे होते, त्यांतले बरेच त्यांना स्वतःलाच हवे होते. मंत्रिमंडळातल्या विरोधकांपुढे बाहेरचा दाब त्यांच्या कामी आला. घेणारा नुसता वाकला नाही. वाकता वाकता त्याने आपलेही काही साधून घेतले. मुत्सद्दी या शब्दाचा जुना, दौतीकागदाचा अर्थ येथे पुरेपूर लागू पडतो. पण हे समजण्यासाठी वॉशिंग्टनची कागदपत्रे जितकी लागतात, तितकीच दिल्लीची लागतात, आणि रेशनच्या रांगेतल्या आठवणीही.

त्या आठवणी मराठीत आहेत. साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारावे. रेशनवरचा तो लाल गहू, त्याच्या चिवट पोळ्या, आणि बहात्तरच्या दुष्काळात आलेला मिलो. गाजरगवत त्या गव्हातूनच आले, असा समज घराघरांत आहे. हिशेब लावू गेल्यास तो सरळ जुळत नाही, कारण पुण्यात हे तण आढळल्याची नोंद १९५० च्या दशकाच्या मध्याची आहे आणि पहिला करार १९५६ च्या ऑगस्टचा. अर्थात अमेरिकेचा गहू त्याआधीही, १९५१ च्या कर्जातून, आलेला होता. शास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न काहीही ठरो. लोकांनी त्या मदतीविषयी काय मत बनवले, ते या समजुतीत स्वच्छ उमटलेले आहे. पोट भरले आणि बांधावर विष रुजले, दोन्ही एकाच पोत्यातून. विकासाच्या कोणत्याही मूल्यमापन अहवालात हे वाक्य येणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळाची दुसरीही बाजू आहे. मिलो आणि सुकडी बाहेरच्या मदतीतून येत होती. पण खडी फोडण्याची, पाझर तलावांची, नालाबांधाची कामे राज्याची होती, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. त्या अनुभवातून रोजगार हमी योजनेला आकार आला. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, आणि तिचा लहानसा प्रयोग तासगाव तालुक्यातील विसापूरला १९६५ साली झालेला. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. केंद्राने असा कायदा केला तो पुढे २००५ साली. पागे यांनी विकासशास्त्राची पदवी घेतली नव्हती. त्यांना आपला जिल्हा आणि विधिमंडळाचे कामकाज, दोन्ही आतून ठाऊक होते.

यावरून पदवी निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा होईल. रोजगाराच्या हमीला बौद्धिक बळ देणाऱ्या लिखाणात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांच्या १९७१ च्या ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. तो पुण्याच्या गोखले संस्थेत सिद्ध झाला आणि त्यासाठी पैसा होता फोर्ड फाउंडेशनचा. परदेशी पैसा आला म्हणून ज्ञान बाटते असे नाही. त्याआधी अर्धशतक, १९१८ साली, आंबेडकरांनी शेतजमिनींच्या तुकड्यांवर एक निबंध लिहिला होता. अडचण तुकडा लहान असण्यात नाही, जमिनीवर रिकाम्या हातांचा भार फार आहे आणि भांडवल नाही, म्हणून उपाय उद्योगीकरणात आहे, अशी त्याची मांडणी. शेतीतल्या जादा मनुष्यबळाचा हाच विचार आर्थर लुईस यांनी १९५४ साली निराळ्या अंगाने मांडला आणि त्यांना पुढे, १९७९ मध्ये, नोबेल मिळाले. आंबेडकर तेव्हा कोलंबियातून शिकून आले होते. शिकले तिथले, विषय घेतला इथला, आणि ज्या बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते गेले होते, तेथील समितीच्या अहवालाचीही त्या निबंधात त्यांनी चिकित्सा केली. परदेशी पदवीचा आम्हांला ठाऊक असलेला हा सर्वांत उत्तम उपयोग.

तर मग बिघडते कोठे? आमच्या मते भाषेपाशी. आणि त्यासाठी पुन्हा त्या गव्हाकडेच जावे लागते.

गव्हाची किंमत भारताने रुपयांत भरली. ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर भारतातच साठत गेले. फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहन यांनी सुमारे १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला देऊन त्या ढिगाचा मोठा भाग निकालात काढला. पण तत्पूर्वी त्यातील एका लहानशा ओघळाने निराळेच काम केले होते. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतील कार्यालय याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाठवू लागले. त्यात मराठी पुस्तकेही होती. आपल्या रेशनच्या रांगेतला पैसा फिरून मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह आणि नियतकालिके होऊन अटलांटिकपार गेला. त्याच सुमारास, १९५८ च्या एका कायद्याने, अमेरिकी विद्यापीठांत परक्या भाषांच्या शिक्षणाला सरकारी पैसा मिळू लागला होता. कारण उघडच सामरिक होते. रशियाचा स्पुटनिक आदल्या वर्षी उडाला होता. हेतू शीतयुद्धाचा असला तरी हाती आलेले फळ मोलाचे निघाले. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकर आणि महार चळवळीवर पेनसिल्व्हेनियात प्रबंध लिहिला तो १९६९ साली. ॲन फेल्डहाउस महानुभाव वाङ्मयाकडे वळल्या. या विदुषी मराठी शिकल्या, इथे राहिल्या, आणि इथल्या माणसांनी लिहिलेले वाचून मगच त्यांच्याविषयी बोलल्या.

त्याच १९६९ साली अमेरिकेच्या मदतसंस्थेसाठी ‘लॉजिकल फ्रेमवर्क’ नावाचा एक तक्ता तयार झाला. एका बाजूला उद्दिष्ट, हेतू, फलिते, साधने. दुसऱ्या बाजूला निर्देशक, पडताळा, गृहीतके. जगातला कोणताही प्रकल्प त्या चौकटीत बसवता येतो. हीच चौकट पुढे विकासव्यवसायाची मातृभाषा झाली, आणि आजही या पदव्यांत ती निरनिराळ्या नावांनी शिकवली जाते. ज्ञानाचे दोन रस्ते येथे फुटले. एक रस्ता भाषा शिकून गावात शिरणारा, संथ, खर्चिक. दुसरा तक्ता घेऊन कोणत्याही गावात उतरणारा. विद्यापीठाच्या एकाच आवारात हे दोन विभाग शेजारी असतात. एकात तुकाराम आणि लोकहितवादी असतात. दुसऱ्यात महाराष्ट्राच्या पाणीटंचाईवरची पाठ्यसूची असते, आणि तिच्यात मराठीत लिहिलेले काही आढळणे विरळाच.

तक्त्याने किती चुकते याचे एक उदाहरण बहुतेक अभ्यासक्रमांत आताशा वाचायला देतात: जेम्स फर्ग्युसन यांचे लेसोथोवरील १९९० चे पुस्तक. जागतिक बँकेच्या १९७५ च्या अहवालाने लेसोथो हा आधुनिक अर्थव्यवस्थेचा स्पर्श न झालेला, पारंपरिक शेतकऱ्यांचा देश म्हणून रंगवला. प्रत्यक्षात तेथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरीला जात होते. कॅनडाच्या मदतीने थाबा-त्सेका भागात गुरे सुधारण्याचा प्रकल्प आला. लोक दुष्काळातही गुरे विकत नाहीत, याला परंपरेचे वेड ठरवले गेले. फर्ग्युसन यांनी दाखवले की खाणीतला पुरुष आपली मजुरी गुरांत घालतो ती निवृत्तीची ठेव म्हणून. मधल्या काळात घरच्या माणसांना ती सहजी मोडता येऊ नये, अशी त्या व्यवहाराची रचना असते. अहवालाला खाण दिसली नाही, कारण खाण दिसली असती तर उपाय दक्षिण आफ्रिकेशी राजकीय बोलणी करण्याचा निघाला असता, कुरण सुधारण्याचा नव्हे. आमच्यापुढे आलेल्या निवेदनांतली हंडा घेतलेली बाई याच अहवालाच्या जातीची आहे. तिच्या विहिरीचे पाणी वरच्या बागायतदाराने किती उपसले, हे विचारले की विषय विकासाचा राहत नाही, राजकारणाचा होतो.

आणि म्हणूनच राजनय शिकण्याला आम्ही कमी लेखत नाही. उलट या जोडपदवीतला तोच भाग आपल्या मुलांनी अधिक मन लावून शिकावा. जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीकरारात सरकारी धान्यखरेदीवरील अनुदान मोजताना बाहेरची संदर्भ-किंमत म्हणून १९८६ ते १९८८ या वर्षांचा भाव गोठवून ठेवला आहे. आजचा हमीभाव त्या जुन्या भावाशी ताडला, म्हणजे नुसत्या महागाईनेच अनुदान फुगलेले दिसते आणि मर्यादा ओलांडली जाते. डिसेंबर २०१३ मध्ये बाली येथे भारताने हंगामी सवलत मिळवली. कायमचा तोडगा निघेपर्यंत ती टिकेल हे नोव्हेंबर २०१४ मध्ये स्पष्ट करून घेतले. तांदळासाठी तिचा आधारही पुढे घेतला. रेशनच्या दुकानाचे भवितव्य करारातल्या एका आधारवर्षावर अवलंबून असते, आणि ते वर्ष ठरत होते तेव्हा मेजावर कोण जागे होते, याला अर्थ असतो. लाल गव्हाच्या रांगेपासून बालीपर्यंत हा एकच धागा आहे. तो विणायला सहानुभूती पुरत नाही. कलमे आणि तळटीपा वाचण्याची तालीम लागते, आणि ती तालीम ही विद्यालये चांगली देतात.

आता या विद्येच्या बाजाराविषयी थोडे. ज्या संस्थांच्या भरवशावर या पदव्यांचे जग उभे होते, त्या आपल्या डोळ्यांदेखत गेल्या. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने आपल्या स्वतंत्र मदतसंस्था २०१३ मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन केल्या. ब्रिटनने २०२० मध्ये तेच केले, २०२१ मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली, आणि २०२७ पर्यंत ती ०.३ वर नेण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. अमेरिकेची १९६१ साली स्थापन झालेली मदतसंस्था तर १ जुलै २०२५ रोजी बंदच झाली आणि उरलेसुरले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे गेले. औषधे थांबली, दवाखाने बंद पडले. यात समाधान मानण्यासारखे काही नाही, आणि ‘बरी जिरली’ म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. मात्र एक गोष्ट उघडी पडली. ‘विकास’ आणि ‘मुत्सद्देगिरी’ यांच्यामधला ‘आणि’ गळून पडला. जे दान म्हणून शिकवले जात होते, ते परराष्ट्र धोरणाचे एक कलम होते आणि एका सहीने ते खोडता येत होते. ज्यांनी १९६५ अनुभवले होते, त्यांना हे नवे नव्हते.

या निमित्ताने आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. नोकऱ्या गेल्या, तेव्हा आता ही पदवी घेण्यात अर्थ नाही, हा एक. भारत आता देणारा झाला, तेव्हा आपली वेगळी शाळा काढू, हा दुसरा. पहिल्याला उत्तर सोपे आहे: नोकरी हाच हेतू असेल तर कर्ज काढण्यापूर्वी शंभरदा विचार करावा, हे आम्हीही सांगू. दुसऱ्या सुराकडे मात्र अधिक लक्ष द्यायला हवे. भारत आज देणारा झालेला नाही; तो फार पूर्वीपासून आहे. ज्या वर्षांत आपण गहू घेत होतो, त्याच वर्षांत, १९६१ पासून, भूतानच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचा खर्च भारत उचलत होता. परदेशी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारा ‘आयटेक’ हा कार्यक्रम १९६४ चा. परराष्ट्र मंत्रालयात विकास-भागीदारीचा स्वतंत्र विभाग २०१२ पासून आहे, आणि २०२२ च्या अरिष्टात श्रीलंकेला भारताने सुमारे ४०० कोटी डॉलरांचे साहाय्य दिले. देण्याचा अनुभव आपल्याला आहे. घेणाऱ्याचे ऐकण्याचा कितपत आहे?

येथेच आमच्या मनात धास्ती आहे. काठमांडू, माले, थिम्पू या शहरांत भारताच्या मदतीविषयी आज घराघरांत काय समज आहेत? त्यांच्याकडेही एखादे गाजरगवत असेल, ज्याचे खापर आपल्या पोत्यावर फुटत असेल. ते खरे की खोटे हा पुढचा प्रश्न. मालदीवमध्ये भारतविरोधी मोहीम उभी राहून २०२३ ची निवडणूक तिच्यावर गाजली, तेव्हा दिवेही भाषेतली वृत्तपत्रे मुळातून वाचू शकणारे आपल्याकडे किती होते? झोंगखा, सिंहली, नेपाळी यांतले वाङ्मय आपल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विद्यार्थ्याने किती वाचलेले असते? अमेरिकेने निदान आपल्या गव्हाच्या पैशातून आपली पुस्तके विकत घेतली. आपण तेवढे तरी करतो का? देणाऱ्याची खुर्ची बदलून तक्ता तोच राहिला, तर आपली वेगळी शाळा काढून काय मिळवले?

म्हणून या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांना आमचे सांगणे थोडके आहे. जरूर जावे. करारांची भाषा, अर्थशास्त्र आणि कायदा कसून शिकावा; त्यात कसूर करणाऱ्याला गरिबांविषयी कळवळा आहे म्हणून सूट नाही. पण सोबत एक भाषा शिकावी, ज्या देशाविषयी पुढे बोलायचे आहे त्या देशाची, आणि तिच्यातले निदान एक पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. प्रबंधाचा विषय निवडताना एकदा तरी देणाऱ्याचा अभ्यास करावा: मंत्रालयाचा, मतदारसंघाचा, गहू पिकवणाऱ्या कान्ससच्या शेतकऱ्याचा. आपण मराठवाड्याचा नमुना म्हणून अभ्यास करतो, तर कान्ससचा का करू नये? आणि आजी-आजोबांना लाल गव्हाविषयी विचारून ते मराठीत लिहून ठेवावे. हे सांगणारी माणसे फार वर्षे असणार नाहीत, आणि ते लिहिले गेले नाही तर त्या काळाचा इतिहास फक्त ज्यांनी गहू पाठवला त्यांच्या दप्तरात राहील.

राहता राहिले ते निवेदन. पुढच्या खेपेला कोणी भाषा तपासायला आणून दिले, तर व्याकरणाला हात लावण्यापूर्वी आम्ही एवढेच विचारू, की ती बाई काय म्हणाली? आठवत नसेल, विचारले नसेल, तर अर्ज पाठवण्याची शेवटची तारीख अजून लांब आहे. आधी त्या गावाला जाऊन यावे.